छत्रीचं पोलकं, मिठाचे दागिने

कोणी इश्वास ठेवला नाही माझ्यावर! एकीनंही नाही, तुम्हाले सांगते. मी काही कानात कुजबुजली का? नाई! भर हळदीकुंकवात, चाळीस बायांच्या मधात उभी राहून ह्या तोंडानं म्हटलं, का बायांनो, हे मीठ आहे, साखर नाही, तोंडात घालू नका! अन् बाया काय करतात? हसतात! एकमेकीले कोपरानं ढोसतात! आता माणसानं खोटं बोलावं अन् लोकांनी मानू नये, हे समजते. पण खरं बोलावं, घसा ताणून बोलावं, अन् तरी... जाऊ द्या. मी सांगतलं होतं. पण माझं आयकते कोण?

बसा, बसा. मुळापासून सांगते, नाई तर तुम्हीही हसान.

माझी पोरगी शामला. गेल्या सालच्या वैशाखात लग्न झालं तिचं, नागपुरातच, सदरात दिली. आम्ही राहतो इकडं सक्करदऱ्यात, तळ्याच्या अंगानं. जावई श्रीधर बरा आहे, कमी बोलते. व्याही मनोहरराव कचेरीत कारकून, अन् आमचे घरचे, शामलाचे बाबा, त्याच कचेरीत दफ्तरी. म्हणजे मनोहररावानं कागद लिहायचे अन् आमच्याईनं ते शिवून पुठ्ठ्यात बांधायचे. तर समजलं ना, कोण कितव्या पायरीवर उभं आहे ते? अन् विहीण यमुताई. बोलणं कसं, इतवारीतल्या सोनारानं गुंज तोलावी तसं. एक शब्द इकडचा तिकडं नाही, अन् बरोबर दुखते तिथंच ठेवलेला.

लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे काय, ते तुम्हाले काय सांगू? काळं लुगडं, काळं पोलकं अन् अंगभर हलव्याचे दागिने. सारं माहेरून. थाळीत निखाऱ्यावर तीळ घ्यायचे, साखरेचा पाक थेंब थेंब सोडायचा, बोटाईनं फिरवत राहायचं, चार-चार दिवस, मंग त्याले पांढरे पांढरे काटे येतात. बोटं भाजतात, पाठ मोडते, पण दागिना असा दिसते का सोनं मागं सरावं! पण त्याले साखर लागते. अन् साखर कुठं आहे? तिकडं कोण्या मुलुखात लढाई चालू अन् इकडं आमच्या डब्यात खडखडाट! मी म्हणते, तोफेत साखर भरतात का हो? राशनवर जी मिळे ती चहात टाकायची का डोळ्यांत घालायची? कापडाचंही तेच. इतवारीत गेली तर दुकानदार म्हणते, “काळा माल संपला बाई, काळा भाव चालू आहे, पाहिजे का?” त्याच्या अंगावर वहाण फेकायची राहिली.

अन् दिवाळी सरत नाही तो यमुताईचा निरोप. “विहीणबाई, दिवस कसे आहेत ते आम्हाला कळतं. जमत नसेल तर राहू द्या हं, आम्ही मुळीच मनाला लावून घेणार नाही.”

असं म्हटलं ना कोणी, का समजायचं, मनाले लावून झालेलं आहे! त्याइची थोरली सून उत्तरा, तिच्या पहिल्या संक्रांतीले माहेराहून एकवीस दागिने आले होते. सात वर्षं झाली, अजून येत्या-जात्याले ते एकवीस मोजून सांगतात. माझ्या शामलाचं काहीच नाही गेलं तर? सात नाही, सत्तर वर्षं आयकलं असतं तिनं, “हिच्या माहेराहून हवा आली होती हो, नुसती हवा.” पोरगी तिथं जेवते, झोपते, उठते. ती कुठं तोंड लपवणार? मले रात्रंदिवस तेच दिसून राहिलं होतं.

मी मराठी चौथी शिकली. चौथीत काय शिकवतात? भागाकार. आहे त्याचे भाग कसे पाडायचे. तर घरात काय आहे, ते पाहात बसली.

लग्नात व्याह्याईनं आमच्या घरच्याले धोतरजोडी दिली होती मानाची. नागपुरी, रेशीमकाठी, जोडीची दोन पानं अजून फाडून येगळी केली नव्हती. सलग नऊ वार! धोतर काय, लुगडं काय, नेसणारा बदलला का नाव बदलते. टांगेवाल्यापाशून घोड्याचे जुने नाल आणले, जंग चढलेले, आठ दिवस आंबट ताकात घालून ठेवले. वास असा, का कुत्रं दारातून परत जाये. हिरडे कुटून उकळले, त्यात धोतर, मंग त्यात ते नालाचं पाणी... अन् काय काळं झालं म्हणता! अमावस्या! फक्त काठ रंग धरेना, जांभळा होऊन बसला. अन् ठिपके? चंद्रकळेवर ठिपके पाहिजेत ना! रंगात टाकायच्या आधी एक-एक ज्वारीचा दाणा कापडात ठेवून दोरा आवळला होता, पाचशे गाठी. सोडल्या तर पाचशे चांदण्या. माझ्या हाताची बोटं मात्र काळी ती काळीच, घासली, राखेनं घासली, निघेनात.

पोलक्याले कापड? खुंटीवर छत्री होती घरच्याची. घेतली, उसवली, आठ तुकडे निघाले. दोन पाठीले, दोन पुढं, दोन बाह्यांले, दोन ठिगळाले. शामलानं घातलं तर हात वर केला का फडफड! पण झाक काय होती! त्याईनं संध्याकाळी खुंटीकडं पाह्यलं, नुसत्या काड्या लटकून राहिल्या होत्या. म्हणाले, “छत्री कुठं गेली वं?” मी म्हटलं, “सासरी.”

आता दागिने. गाठीसाठी काढलेली ज्वारी वाटीत उरली होती, पाण्यात पडून राहिलेली. फुगलेली, मऊ. सहज एका दाण्यात सुई टोचली, आरपार गेली! माळ ओवली, उन्हात टाकली, सुकून गारगोटी झाली. वरून तांदळाच्या पेजेची खळ. पण काटे? चमक? साखर तर नाही. मंग काय पांढरं असते हो घरात? मीठ! खडेमीठ बारीक कुटलं, ओल्या खळीत माळ घोळवली, परत ऊन, परत घोळवली, सात येळा. माय गं! मीच मागं सरकून पाह्यलं, हलवा! काट्यासकट! कचेरीतले फेकलेले पुठ्ठे होतेच, कापले, त्याच्यावर लावले. हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, बिंदी... मोजले, बावीस! उत्तरापेक्षा एक जास्त. हाव, कबूल आहे, मुद्दाम.

अन् तुम्हाले एक सांगते. परडीत चार दिवस उघडे होते. हलवा असता तर मुंग्यांची वरात निघाली असती. एक मुंगी आली, हुंगलं, परत फिरली, दुसऱ्याइलेही सांगतलं असन. एकही आली नाही मंग. साऱ्या नागपुरात माझ्यावर इश्वास ठेवला तो त्या मुंग्याईनं. माणसाले नाक नाही एवढं.

कारण माणसाचं काय झालं? शेजारची गोपिका आली, दागिने पाह्यले, डोळे मोठे. “वच्छलाबाई, साखर कुठून काढली वं?”

मी म्हटलं, “मीठ आहे.”

“हाव हाव, मीठच.” अन् डोळा मारते! “मले वाटीभर देजो तुहं मीठ. चहात टाकीन.”

घ्या! दुसऱ्या दिवशी तिघी वाट्या घेऊन हजर. मी जितकं नाही म्हणे, तितकी त्याइची खात्री पक्की होये का हिच्या घरी पोतं आहे. अन् पोत्याचं बोलूनही राहिल्या होत्या! “पोतंभर आहे म्हणतात.” कोण म्हणते? “म्हणतात.” मले वाटलं गोपिकाचंच काम. त्या दिवसांत साखर नाही म्हणणारा माणूस म्हणजे साखर दडवणारा माणूस, दुसरा अर्थच नव्हता. मी घरातला एक-एक डबा उघडून दाखवला. तर म्हणतात, “उघड्या डब्यात कोण ठेवते!” मी सांगतलं होतं. पण माझं आयकते कोण?

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी हळदीकुंकवाले टांगा करून गेली सदरात. यमुताईच्या हातात परडी देताच पहिलं वाक्य, “विहीणबाई, हे दिसायचे दागिने आहेत, खायचे नाहीत. मिठाचे आहेत.” शामलाचा चेहरा उतरला. तिले वाटलं आई आता बुडवते. पण मी काही खोट्यावर पोरगी बसवणार नाही. यमुताईनं दागिने पाह्यले, मंग माझी काळी बोटं पाह्यली, अन् बाकीच्या बायांकडं वळून म्हणते, “पाहिलंत? निखाऱ्यावर बोटं जाळून घेतलीत बिचारीनं, आणि म्हणे मीठ! किती तो विनय!”

एक म्हणते, “भिंतीला कान असतात, म्हणून मीठ म्हणतात हो.”

दुसरी म्हणते, “सक्करदऱ्याच्या बाई, त्यांना काय तोटा!”

अन् हसतात! मी म्हणते मीठ, ह्या म्हणतात हो हो मीठ! डोक्याले हात लावून बसली मी.

पण शामला बाहेर आली ना नटून... अन् डोक्यावरचा हात खाली आला माझा. धोतराचं लुगडं, छत्रीचं पोलकं, ज्वारी, मीठ, फेकलेला पुठ्ठा. विकत घेतलेलं त्यात काहीच नव्हतं. पोरगी अशी दिसत होती जशी आभाळातून नुकतीच उतरली अन् पदराले चांदण्या तशाच चिकटून राहिल्या. उत्तरा सोताहून उठून आली, शामलाचा पदर सारखा केला तिनं. सात वर्षं जिचे एकवीस मोजून सांगतात, तिनं. मी गप राहिली. मले गप राहता येते, हे मलेही नवीनच समजलं.

मंग तो रिवाज! दागिने उतरवून तोडायचे अन् वाटायचे, साऱ्या बायांनी तोंड गोड करायचं. मी धावली, “नका वं नका!” पण यमुताईनं हार तोडलाच. पहिला दाणा तिच्या तोंडात. कड्! असा आवाज आला का मधल्या घरात मांजर उठून बसलं. चाळीस बाया तिच्या तोंडाकडं पाहत. शामलानं माझं मनगट धरलं. यमुताईचा चेहरा... डाव्या डोळ्यात पाणी, उजवी भिवई वर, गाल आत. मी मनात म्हटलं, संपलं. गेली माझी पोरगी.

यमुताईनं गिळलं. हळूहळू. अन् म्हणाली, “अगं बाई... काय गोड आहे!”

आता बोला!

मंग काय, घरधनीण गोड म्हणते तर पाहुणीनं काय म्हणावं? एक-एक दाणा तोंडात, एक-एक चेहरा कारल्यासारखा, अन् तोंडानं “गोड! बाई बाई, किती गोड!” एक म्हणते, “पाक चांगला उतरला आहे.” उतरला आहे! मीठ आहे ते बाई! अन् मंग “जरा पाणी द्या,” “मलाही पाणी,” “तांब्या इकडे करा”... रांजण रिकामा झाला. चाळीस बाया तोंडात मीठ धरून गोड म्हणून राहिल्या अन् खरं बोलणारी मी एकटी, तर माझ्याकडं पाहून हसतात! मी सांगतलं होतं का नाही?

मंग यमुताईनं मले सैपाकघरात ओढलं. दार लोटलं. पहिले दोन फुलपात्रं पाणी पिली. मंग म्हणते, “खरंच मीठ होतं हो!”

“मी सांगतलं होतं!”

“सांगितलं होतंत. पण आमच्या ह्यांना तुमच्याच घरातून कळलं होतं ना, की पोतंभर साखर आली आहे, पोरीला हलव्यानं मढवणार आहेत! मी महिनाभर साऱ्या सदरात सांगत सुटले. आता चारचौघींत मीठ निघालं म्हणू? तुमची लेक आहे, पण सून माझी आहे.” मंग म्हणते, “आणि विहीणबाई... तो काठ. धोतर आमचंच ना?”

मी म्हटलं, “हाव.”

तर ती हसायले लागली. मीही. दोघी चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबून हसलो. विहिणी-विहिणी होऊन आठ महिने झाले होते, पण ओळख त्या दिवशी झाली.

पण तुमच्याच घरातून? माझ्या घरातून? टांग्यात बसल्या-बसल्या एक-एक नाव घोळवलं. गोपिका नाही. शामला नाही. मी तर नाहीच. घरात राहिलं कोण?

घरी आली, उंबऱ्यातूनच इचारलं. घरचे छत्रीच्या काड्या मांडीवर घेऊन बसले होते, काही बांधून राहिले होते. मान वर केली नाही. म्हणाले, “मनोहररावानं इचारलं वं, साखरेचं कसं करता म्हणून. चार जण होते. पोरीची पहिली संक्रांत, अन् बाप म्हणते साखर नाही? माझ्या तोंडून निघून गेलं.”

“अन् निघालं तर शेर-दोन शेर निघावं! पोतं?”

“आता निघालंच तर...”

सव्वीस वर्षं संसार केला, माणूस खोटं बोलला नाही. बोलला तर एकदम पोतंभर. काय करावं? भांडणारी बाई मी, साऱ्या आळीले ठाऊक. पण त्या काड्या पाह्यल्या, भांडण तोंडातच इरघळलं. पोरीसाठी त्याइनं तोंडानं केलं अन् मी हातानं. काम एकच.

पण इरघळलं म्हणून फिटलं थोडंच! अजून वाट्या येतात दारात. अजून कोणी मानत नाही. यंदा तीन घरून निरोप आहे, “तुमच्या हातचा तो गोड हलवा आमच्याही सुनेला करून द्या.” अन् पावसात घरचे डोक्यावर पुठ्ठा धरून कचेरीत जातात.

त्या दिवशी बायांनी मले नाव घ्यायले लावलं, तर मी आपला साधाच उखाणा घेतला, पोरीच्या सासरी काय बोलणार! पण खरा होता तो मनात राहून गेला. आता इथं सारी आपलीच माणसं. अन् दोष कोणाचा, ते एकदा नाव घेऊन सांगितलंच पाहिजे. तर आयका...

कढईत नाही पाक, पोत्यात शेर ना पाव,
गावभर साखर वाटून आले मारोतराव!