हिरवा पुडा

संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या शिंचू शहरातल्या रुग्णालयात, अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात त्या खोलीबाहेर, माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते.

“आज... चिप?”

“आज पुन्हा चाचणी आहे, बाबा. वेग मिळाला, पण वीज फार खाते.”

“ती... करते काय?”

“बत्तीस आकडे एकदम दाराशी येतात आणि बाहेर जायला तार एकच. त्यांना न चेंगरता एकेक सोडायचं, तेही झटपट.”

“माझ्या... तोंडासारखं.”

“तुम्हाला कसली घाई आहे? सावकाश सोडा.”

“यंत्रावर... पुडा?”

“ठेवलाय की. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून कुरकुऱ्यांचा पुडा ठेवल्याशिवाय आमच्याकडे त्याला कोणी हात लावत नाही.”

“तारीख?”

“अगं बाई. मागच्याच महिन्यात संपली. तरीच चिप रुसलीय.”

“हा... घे.”

“हिरवा? कोपऱ्यावरच्या दुकानात तर फळीवर पिवळेच असतात, आणि यंत्राला पिवळा चालत नाही, दिवा हिरवा हवा तर पुडाही हिरवाच. आईने आणला?”

“नाही.”

“मग दुकानदाराला आतून काढून द्यायला कोणी सांगितलं?”

“मी.”

“काय म्हणालात?”

“हि... र... वा.”

“आणि मागची रांग?”

“थांबली... सगळी.”