लखूआजा आणि घळीतला जाळ

"आता गप ऐका, आणि मध्येच कुणी पाणी प्यायला उठू नका," असं म्हणून बाबीकाकांनी स्वतःच तांब्या तोंडाला लावला. बाबीकाका माझे चुलत सासरे. जेवणं उरकून आम्ही घरापुढच्या खळ्यात कोकमासाठी रातांबे फोडत बसलो होतो. नवरा तेवढा खाली माडांच्या बागेत पंप बंद करायला गेला होता. लग्नाला महिना होत आला तरी ही गोष्ट मला ऐकवायची राहिली, यावर घरात सकाळपासून बोलणी चालली होती.

"तर लखूआजा. माझा आजा. त्या काळी आगीचा बंब तालुक्याला. नदी ओलांडून तो येईस्तोवर इथं राख. म्हणून गावातल्या काही गड्यांनी आपलं आपण ठरवलेलं. आग दिसली की कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायचा, तो वाजला की निघायचं. कुणाचं घर, कुणाशी भांडण, विचारायचं नाही. पगार नाही, काही नाही. एका हातात ओलं गोणपाट, दुसऱ्या हातात कोयता, की धावला. आग बघून माणूस पळतो. हा आगीकडे पळायचा. खोडच ती."

"खोड कसली, घरात कामं नकोत म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"तू रातांबे फोड. ऐका. चैत्र महिना. लखूआज्याचं नुकतं लग्न झालेलं. बायको आवडा. हिच्यासारखीच, गप."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढचा रातांबा घेतला.

"घरात थोरली माणसं. त्यामुळे 'अहो' एवढंच, तेही भिंतीकडे बघून. लखूआज्यानं तिचा आवाज धड ऐकलेलाच नव्हता. हे ध्यानात ठेवा. तर त्या रात्री थोरली सगळी परगावी लग्नाला. घरात दोघंच. आणि डबा वाजला. घळीपलीकडच्या वाडीकडून. ढण ढण ढण. लखूआजा उठला. गोणपाट भिजवलं. वाघरू फिरत होतं त्या साली, आणि दाराचा आतला अडसर मोडलेला. म्हणून जाताना त्यानं बाहेरून कडी घातली. आवडा आत, कडी बाहेर. ऐकताय ना?"

ऐकत होतो.

"वाट घळीतली. बाकीचे गडी दिसेनात. याला वाटलं, पुढं गेले. कसले पुढं? तो डबा गावात दुसऱ्या कुणी ऐकलाच नव्हता. त्या घळीत मागं वणव्यात एक गुराखी अडकलेला. हाका मारमारून जळाला. कुणी गेलं नाही. तो अजून बोलावतोय. आणि बोलावल्यावर जाणार कोण? हाच.

"घळीत शिरला तर करवंदीच्या जाळीत जाळ. हा धावला. मारलं गोणपाट. जाळ पुढं सरकला. पुन्हा मारलं. पुन्हा सरकला. मारतोय, सरकतोय. मारतोय, सरकतोय. शेवटी तोंड पुसायला गोणपाट गालाला लावलं, तर थंडगार. एवढी आग झोडली आणि धग नाही."

"मग?" मी विचारलं. बाबीकाका खूश झाले.

"मग जाळातून आवाज. नाजूक. 'अहो, इकडे या ना. तुमच्याशिवाय करमेना, म्हणून मागनं आले. वाट चुकले हो.' लखूआजा दोन पावलं गेला. आणि थांबला. का? आवडा इतकी वाक्यं सलग बोलत नव्हती."

खळ्यात हशा पिकला.

"हसू नका. पुढं कडा होता. पायाखालचा दगड सुटला, तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. मग पळाला. मागं न बघता पळाला. बांधावर येऊन बघतो, तर आपलंच घर पेटलेलं. छपराचा पेंढा धडधडतोय. आतून किंकाळी. 'लखू! अरे लखू, कडी काढ!'

"आता सांगा, त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेईल? मेली तरी नाही. आणि आवडा? भिंतीला अहो म्हणणारी? लखूआज्यानं ओळखलं. म्हणजे त्याला वाटलं, ओळखलं. 'आता नाही फसत,' म्हणाला, आणि घराकडे पाठ करून बांधावर बसला. कानांत बोटं घालून."

कुणीच रातांबे फोडत नव्हतं.

"आणि डोळे चुरचुरायला लागले. खोकला आला. घळीत एवढं झोडलं तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. खोट्या आगीला धूर नसतो, हे त्याला तिथं बसून कळलं. उठला. गोणपाट डोक्यावर घेतलं. तापलेली कडी कोयत्यानं उडवली. आवडाला ओढून बाहेर काढलं, तसं मागं छप्पर बसलं. घर कशानं पेटलं? चुलीतला निखारा म्हणा, नाहीतर त्या गुराख्याचा राग म्हणा."

"आवडाआजी काय म्हणाली ते सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"झरोक्यातून तिनं सगळं बघितलेलं. केस जळलेले, दम लागलेला. म्हणाली, 'लखू, बांधावर बसून काय करत होतास?' आणि मरेपर्यंत तिनं त्याला नावानंच हाक मारली, सासूसासऱ्यांदेखत. म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर घळीची वाट धरायची नाही. डबा वाजो, बायको रडो. आधी शेजाऱ्याला उठवून विचारायचं, तुला ऐकू आलं का. आणि या घरात नवी सून आली की तिनं खळ्यात उभं राहून नवऱ्याला नावानं हाक मारायची. त्याला तिचा आवाज ठाऊक हवा. ऊठ, सूनबाई."

तेव्हा कळलं, नवऱ्याला नेमकं आत्ताच पंप बंद करायला का धाडलं होतं.

मी उठले. खाली बागेत काळोख. हाक मारली.

"ही हाक झाली की उसासा?" सासूबाई म्हणाल्या.

मी छाती भरून घेतली. "एकनाथ!"

"ओ," आली. डावीकडून, घळीच्या अंगानं.

मग खालून, बागेतून, त्याची. "ओ. आलो."

"डोंगर आहे. घुमतो आवाज," बाबीकाका म्हणाले. पण बोलताना ते घळीकडेच बघत होते.

घुमलेला आवाज नंतर येतो. हा आधी आला होता. मी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. पुरे गं, पास झालीस, असं सासूबाई म्हणाल्या तरी मी थांबले नाही. चिखलाचे पाय घेऊन तो खळ्यात येऊन उभा राहीपर्यंत मी त्याचं नाव घेत राहिले.