बाबांची फाइल

(कोलशेत, १९९९. नीला ठाण्याहून माहेरी आली आहे. धाकटा भाऊ गुणाजी बंद कॉम्प्युटरसमोर बसलाय. आई, जनाबाई, बाहेर ओट्यावर.)

नीला : परत सांग. अँटिव्हायरस तू स्वतः बंद केलास?

गुणाजी : तो मधे मधे येत होता, ताई. काही उतरवूच देत नव्हता.

नीला : त्याचं कामच ते. कुत्रा भुंकतोय म्हणून तू कुत्र्यालाच बांधलंस आणि वर दार उघडलंस.

गुणाजी : फाइल नीट चालत नव्हती ना. आवाज यायचा, चित्र नाही. नुसता काळा पडदा. एका साइटवर लिहिलेलं, हा प्लेअर टाका, जुने व्हिडिओ दिसतील. फुकट होता.

नीला : कुणाची साइट?

गुणाजी : माहीत नाही.

नीला : माहीत नाही.

गुणाजी : दोन तास लागलेले उतरायला, लाइन तीनदा कटली. आलं एकदाचं म्हणून डबल-क्लिक केलं, तर स्क्रीनच गेली. माजिवड्याच्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, व्हायरसने डिस्क पुसली, काही उरलं नाही.

नीला : आणि हळदीची मूळ कॅसेट?

गुणाजी : तुला माहितेय. बुरशी लागलेली. स्टुडिओत फाइल बनवताना एकदाच चालली, मग फीत तुटली.

नीला : म्हणजे माझ्या हळदीतले बाबा त्या एका डिस्कवर होते. सीडी करून घे म्हणून ऑफिसातून दोनदा फोन केलेला मी.

गुणाजी : करणार होतो.

नीला : आमच्याकडे कुणी बाहेरची फ्लॉपी घातली तरी साहेब हात धरतात. मी साधी टायपिस्ट, मला कळतं. तू क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतोस. मला एक फोन करून विचारता आलं नाही?

गुणाजी : टायपिस्टला काय विचारायचं, असं वाटलेलं. बस? ऐकायचं होतं ना तुला?

नीला : बाबा जाऊन पाच वर्षं झाली. माझ्या पोरीने आजोबा पाहिलेले नाहीत. रविवारी तिला घेऊन येणार होते मी. आईला सांगितलंस?

गुणाजी : नाही.

आई : आईनं ऐकला सगला. ओट्यावर बसलेय, बहिरी नाय.

गुणाजी : आई, चुकलं माझं. चित्र दिसावं म्हणूनच केलं गं मी.

आई : चित्र नव्हता, पन आवाज व्हता बोललास.

गुणाजी : होता.

आई : तू ऐकलास?

गुणाजी : दोनदा.

आई : तवा मी कुठं व्हते?

गुणाजी : इथंच. ओट्यावर, सुकट निवडत.

आई : धा पावलांवर. नि मना हाक नाय मारलीस.

गुणाजी : काळ्या पडद्यासमोर तुला कशाला बसवू? चित्र आलं की बोलवणार होतो.

आई : तोंड मना ठाव हाय त्यांचा. फोटो हाय भिंतीवर, रोज पुसते. आवाजाचा फोटो हाय कं कुठं? डोलं मिटून आठवाया बसते, तर तुज्या गोमाजीकाकाचाच आवाज येतो.

नीला : आई, आधी बस तू खाली.

आई : नाय बसत. तुमी दोघां शिकलेली. हा सांगतो चित्र, तू सांगतेस सीडी. मना काय पायजे, ता एकानं तरी इचारला?

नीला : नाही विचारलं, आई.

आई : बोल रं. काय बोलले ते?

गुणाजी : सगळं कळत नव्हतं. मागे बँजो पार्टी वाजत होती.

आई : कलला तेवरा सांग.

गुणाजी : कॅमेरावाल्याला म्हणाले, माझा एकट्याचा नको.

आई : नि?

गुणाजी : थांब म्हणाले. आधी जनेला बोलव.

आई : मंग बोलवाचा व्हता.