कूलरखालची फिल्म

आमच्या वडिलांसमोर कॉम्प्युटरचा विषय काढू नका रे. का, ते सांगतो.

कामतघरला आमच्या भिंतीपलीकडेच कापड विणायचे लूम, त्यामुळे घरभर कापसाची रुई उडते. आप्पांची उभी हयात लूमवर गेलेली. टीव्ही असो की मिक्सर, दिसेल ती वस्तू ते कापडाने झाकणार.

मी स्वस्तातला प्रोसेसर घेऊन ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला. तापू नये म्हणून त्याच्यावर पंख्याचा मोठा कूलर बसवला. आप्पा म्हणाले, "लूम असा पळवला तर धागा तुटतो." मी हसलो.

रविवारी कॉम्प्युटरला मोठं काम लावून जेवायला बसलो. परत येतो तर स्क्रीन काळी, जळका वास, आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर कोरं कापड.

"हे कोणी झाकलं?"

"मीच. रुई उडते न्हाय का, आत गेली असती."

"तुम्हाला यातलं काय कळतं? हात कशाला लावता?"

आप्पा कापडाची घडी घालून आत गेले.

मग मी कूलर काढला. तळाला प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली. बसवण्याआधी ती काढायची, नाहीतर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही; तेच मी विसरलो होतो. कापड नसतं तरी प्रोसेसर जळलाच असता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत दोन वर्षं गेली. आता आप्पा टीव्हीचा रिमोट उचलतानाही मला विचारतात,

"हात लावू का रे?"