मुलींपुढे न काढायचा शब्द

मी ठाण्याला मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवायचो तेव्हाची गंमत सांगतो. एके दिवशी मिठागरवाले अप्पा तणतणत आले. "मास्तर, मुलींपुढे लिंग म्हणता? दुसरा शब्द काढा, नाहीतर उद्यापासून एकही पोरगी शाळेत येणार नाही."

मी त्या दिवसापासून तो शब्द टाकला. दुसरा शोधायला अप्पांनीच शाळेच्या ओसरीवर बैठक बोलावली. शास्त्रीबुवा म्हणाले, "लिंगच. त्याला पर्याय नाही." मुनशी म्हणाले, "फारशीत जिन्स." स्टेशनमास्तर म्हणाले, "इंग्रजीत जेंडर." अप्पांना ऐकू कमी येई. ते प्रत्येक शब्द स्वतः ओरडून खात्री करून घेत. दिवेलागणीपर्यंत काही ठरलं नाही. मुली आत कशिदा काढत होत्या.

पुढे शाळा तपासणारे डिपोटीसाहेब परीक्षेला आले. त्यांनी विचारलं, "नामाला काय काय असतं?"

सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या, "वचन, विभक्ती आणि लिंग. फारशीत जिन्स, इंग्रजीत जेंडर."

साहेब खूश झाले. "वा! कोणी शिकवलं?"

अप्पांची नात उठली. "आमच्या आजोबांनी. मास्तर तो शब्द तोंडातून काढत नाहीत."