आईचं विरजण

(बंगळूरमधलं एक हॉस्पिटल. स्टेमसेल वॉर्डातली अलग खोली. पलंगावर गुंडो, शेजारी मास्क लावलेली त्याची थोरली बहीण भाग्यलक्ष्मी. नर्स स्मृती मूळची पुण्याची.)

स्मृती : ताई, ह्या डब्यात दही आहे. आत आलंच कसं?

भाग्यलक्ष्मी : पर्समधनं. स्वल्पच आहे, सिस्टर. जयनगरहून बर्फात घालून आणलंय.

स्मृती : ह्यांना दिलंत?

भाग्यलक्ष्मी : आत्ताच, एक चमचा. मोठे डॉक्टरच म्हणाले की, औषधांनी पोटातले चांगले जंतू मेले, तोल गेला, म्हणून जुलाब होतात. चांगले जंतू दह्यात नाहीत तर कुठं असतात?

स्मृती : ते कारण होतं, उपाय नव्हता. ट्रान्सप्लांटचा आज नववा दिवस. ह्यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य आहेत. आत्ता चांगला जंतूही रक्तात शिरला, तर अडवायला कुणी नाही.

भाग्यलक्ष्मी : आईचं विरजण आहे हो. ती गेली तेव्हा थोरल्या वहिनींनी पाटल्या घेतल्या, मी हे घेतलं. अकरा वर्षं एक दिवस खंड नाही.

स्मृती : ताई, विरजणाला कुणी नाव ठेवत नाहीये.

भाग्यलक्ष्मी : माझ्या रक्तातल्या पेशी त्याला चालल्या. माझ्या घरचं दही चालत नाही होय?

स्मृती : आत्ता नाही. डॉक्टरांना कळवते. ब्लड कल्चर पाठवावं लागेल. ताप आला तर अवघड आहे.

भाग्यलक्ष्मी : अवघड म्हणजे? मीच वाचवायला आले आणि मीच...

गुंडो : अक्का, पुरे. मी गिळलं नाही.

भाग्यलक्ष्मी : खोटं बोलू नकोस. माझ्यासमोर खाल्लंस.

गुंडो : तोंडात धरलं. तू पडदा सारायला वळलीस, तेव्हा टिश्यूत टाकलं. सिस्टर, त्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात बघा.

स्मृती : हो, आहे. मग ह्यांना आधीच का नाही सांगितलंत?

गुंडो : दोन बस बदलून, मांडीवर बर्फ धरून आली ती. तोंडावर नको कसं म्हणू?

स्मृती : तोंडात गेलंच होतं. टेस्ट होणारच. आणि हा दह्याचा डबा बाहेर.

भाग्यलक्ष्मी : सरी, ठीक आहे. न्या. हे त्याला कधी चालेल?

स्मृती : काही महिने तरी नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा.

गुंडो : तोवर टिकेल का गं ते, अक्का?

भाग्यलक्ष्मी : दह्याचं मी बघते. तू तुझं बघ.