परत आलेला बगळ्याचा पोशाख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या भावकीतले वडीलधारे आदरणीय केरूदादा, मंचावर बसलेल्या आणि मला या वयातही ‘पोरा’ म्हणून हाक मारणाऱ्या भीमाबाई, मंडळाचे चिटणीस चिरंजीव बंटी, शहापूरहून आलेली सोयरी मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनींनो व बंधूंनो, सर्वांना माझा सविनय जय भीम.

शाल दिलीत, गुच्छ दिलात, चाकांची ही भलीमोठी बॅग दिलीत. केरूदादांनी तर एवढं कौतुक केलं, की हे कोण गृहस्थ म्हणून मीच मागे वळून बघत होतो. ‘वाळूतात्या लेकाकडं अमेरिकेला चाललं, गावाचं नाव काढलं,’ असं ते म्हणाले. त्याविषयी बोलतोच. पण आधी बंटीची फर्माईश. ‘तात्या, कस्टममधली गंमत सांगा, सोनंबिनं पकडल्याची.’ अरे बाबा, सोनं पकडणारे वेगळे! माझ्या वाट्याला काय आलं? लहान मुलांचे पोशाख.

हसा, हसा. नव्वद सालानंतर बाहेरचा माल येऊ लागला, तेव्हा बंदरातल्या गोदामात पेट्याच्या पेट्या उघडाव्या लागत. आत वाघ, अस्वलं, पऱ्या. व्यापारी कागदावर लिहायचा ‘खेळणी’, मी म्हणायचो ‘कपडे’. दोन्हींची जकात वेगळी, म्हणून हुज्जत. आता एकाच पिशवीत वाघाचा झगा, शेपूट आणि मुखवटा, तर त्याला म्हणायचं काय? नुसता मुखवटा असता तर खेळणं म्हणून सोडला असता. पण अंगात घालायचा कापडी झगा हीच मुख्य वस्तू, बाकी सगळं त्याच्या सोबतीला. म्हणून तो कपडा. मी झगा उलटा करायचो, शिवण ओढून बघायचो. एक सरकारी अधिकारी वाघाची शेपूट हातात धरून तावातावानं भांडतोय, हे जरा डोळ्यांसमोर आणा! घरी सांगितलं की आमची ही पोट धरून हसायची. ती गेली आणि घरातलं हसणंही गेलं.

रूपेश, माझा मुलगा, एकदाच नातीला घेऊन आला होता. मेघा तेव्हा एवढीशी. चिखलणी चालली होती, नांगरामागे बगळे उतरले होते. पोरगी बांधावरून हलेचना. ‘आबा, मला बगळा व्हायचंय.’ मागच्या वर्षी फोनवर म्हणाली, शाळेत सगळी मुलं सोंगं घेतात. म्हटलं, आता कोणी मला अडवू नका. आयुष्यभर परक्यांच्या पोरांचे पोशाख उलटेपालटे केले, एक आपल्या पोरीला जाऊ दे.

भीमाबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ‘माप आन की रे पोरीचं.’ माप कुठून आणू? म्हटलं, अंदाजानं शिवा. त्यांनी वितेनं कापड मोजलं. मग म्हणाल्या, ‘बरं. आत शिवनीत कापड ठेवते. वाढती पोर हाय, उसवून मोठा करतील.’ काय पोशाख शिवला होता म्हणून सांगू! पांढरेशुभ्र पंख, पिवळी कापडी चोच, काठ कसे दुमडलेले. पार्सल करताना पोस्टातला मुलगा म्हणाला, ‘काका, वर खेळणं लिहा, लवकर जाईल.’ मी भडकलो. अरे, हा कपडा आहे! मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘लहान मुलीचा कपडा’.

ते पार्सल परत आलं. वर चिकटवलं होतं, या पत्त्यावर हे लोक राहत नाहीत. फोन लावला, तो नंबरही बंद. मंडळी, आमचं भांडण नाही, तंटा नाही. त्यानं घर बदललं आणि बापाला सांगायचं राहून गेलं. भांडण असतं तर बरं झालं असतं. मिटवायला तरी गेलो असतो.

आमच्या कस्टममध्ये कुठल्याच सदरात न बसणाऱ्या मालाला ‘इतर’ नावाचं एक सदर असे. ते पार्सल मांडीवर घेऊन मुरबाडहून नथूच्या जीपमध्ये बसलो, तेव्हा त्याची आठवण झाली.

नथूनं आरशातून परदेशी शिक्के बघितले. ‘काय तात्या, पोरानं धाडलं वाटतं! आता तुमी काय हितं राहत नाय.’ मी ‘नाय रे’ म्हटलं नाही, पार्सल छातीशी घट्ट धरलं. तो समजला, आनंदानं धरलंय.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. आणि काय सांगू, माणसं यायला लागली हो! कोणी तांदळाचे पापड आणले, कोणी सुकट. ‘तात्या, तिकडं थंडी लय, कानटोपी घ्या.’ ओटीवर बसायला जागा पुरेना. ज्या घरात दिवसभर रेडिओशिवाय आवाज नाही, तिथं चहाचं आधण उतरेना. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज वाटायचं, सांगितलं तर उद्या कोण येईल? मला माणसं हवी होती. दुसरं काही नाही.

तेव्हा स्पष्ट सांगतो. मला कोणी बोलावलेलं नाही. मी कुठेही चाललेलो नाही.

केरूदादा, असे खाली बघू नका. तुमचं भाषण खोटं पाडायची माझी इच्छा नव्हती. भीमाबाई, पदर डोळ्यांना लावू नका, पोशाख जसाच्या तसा आहे. ही बॅग मंडळानं परत घ्यावी, ज्याचं पोर खरंच शिकायला बाहेर जाईल त्याला द्यावी. आणि मघाशी बंटीनं जाहीर केलं, की उद्या सकाळी तात्यांकडून किल्ली घेऊन रिकाम्या घरात मुलांची अभ्यासिका सुरू करू. बंटी, अभ्यासिका करायचीच आहे. पोरांना घेऊन ये, सतरंजी मी घालून ठेवतो.

आपण मला एवढ्या प्रेमानं निरोप दिलात, त्याबद्दल मंडळाचा आणि आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. बोलण्यात कमी-अधिक झालं असेल तर ते सोडून द्या. आणि उद्या किल्ली मागू नका. दार उघडंच असेल, आत मी असेन. तेवढी एक चूक माझी पोटात घाला.